काठ आधी, हिरवळ मग

दारापुढे हिरवळ करायची म्हटलं की घरात चर्चा सुरू होते ती गवताची. मेक्सिकन लावायचं की सिलेक्शन, तयार गादी आणायची की काड्या टोचायच्या, पाणी तुषारने द्यायचं की पाइपने, यावर प्रत्येकाचं मत असतं. हिरवळ नेमकी कुठे संपणार आणि फुलझाडांचा वाफा कुठून सुरू होणार, हे मात्र कुणी ठरवत नाही. बांधकामातून उरलेल्या विटा गवंडी ज्या रेषेत लावेल, ती रेषा पक्की होते. पुढची कितीतरी वर्षं त्या रेषेची किंमत कुणीतरी उकिडवं बसून, हातात विळा घेऊन फेडत राहतं. हे पुस्तक त्या रेषेबद्दल आहे. हिरवळीचा काठ जो कापतो त्याच्या सोयीने बांधावा, हे पुस्तकाचं एकमेव म्हणणं. असा काठ दिसायलाही सुरेख असतो, कारण तो कायम स्वच्छ राहतो.

या पुस्तकाची जमीन सोनईची आहे. नेवासा तालुक्यातलं हे गाव पर्जन्यछायेत येतं. इथला पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा. शेजारच्या राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला मुळा धरण झालं, २६ टीएमसीचा ज्ञानेश्वर सागर भरू लागला आणि उजव्या कालव्याने पाणी या काळ्या रानात आलं. पाण्यामागून ऊस आला, मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, शाळा-महाविद्यालयं निघाली, कृषी महाविद्यालय सुरू झालं. बागाही त्याच पाण्यामागून आल्या; आधी संस्थांच्या आवारांत, मग वस्तीवरच्या बंगल्यांपुढे.

इथल्या शेतकऱ्याला हरळीची ओळख करून द्यावी लागत नाही. उसाच्या सरीत आणि कांद्याच्या वाफ्यात तिच्यापायी त्याने पिढ्यानपिढ्या खुरपी झिजवली आहेत. तीच हरळी आता तो पैसे मोजून दारात लावतो आणि गणपतीत तिच्याच दूर्वा खुडतो. रानात जे तण, ते दारात शोभा ठरतं, कारण दारात त्याला हद्द असते. ती हद्द नीट आखली नाही तर वर्षभरात दारातली हरळीही रानातल्यासारखीच वागू लागते आणि गुलाबाच्या आळ्यात शिरते.

काठावर नेमकं काय घडतं, हे नवख्या वाचकाने आधी समजून घ्यावं. तिथे चार गोष्टी एकमेकींना भिडतात: गवत, माती, पाणी आणि मशीन.

गवताचं असं, की हरळी दोन वाटांनी पसरते. जमिनीवरून धावणारे तिचे फुटवे पेरापेराला मुळं धरतात आणि जमिनीखालून तिच्या काशा पुढे सरकतात. नुसता जमिनीत गाडलेला अडसर काशांना अडवतो, पण फुटवे त्यावरून पलीकडे जातात. नुसती वर उभी केलेली वीट फुटव्यांना थोडं थोपवते, आणि काशा तिच्या बुडाखालून वाफ्यात निघतात. म्हणून एकदा बांधला की काम संपलं, असा काठ जगात नाही. चांगला काठ एवढंच करतो, की पुढे आलेला फुटवा नेहमीच्या कापणीतच कापला जाईल, त्यासाठी वेगळं बसावं लागणार नाही. मेक्सिकन गवत हरळीपेक्षा सावकाश सरकतं, पण त्याची गादी फुगत जाते आणि काठाशी उंचवटा तयार होतो. लव्हाळ्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या गाठी जमिनीत खोल असतात. कुठलाही काठ त्याला अडवत नाही. लव्हाळा आणि कुंदा हिरवळ लावण्याआधीच खणून, वेचून काढावे लागतात.

मातीचा स्वभाव इथे निर्णायक ठरतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात कापलेला उभा चर पहिल्या मोठ्या पावसात ढासळतो आणि तिच्यावर ओतलेली काँक्रीटची अखंड पट्टी दोन-तीन वर्षांत तडकते. बागकामाच्या परदेशी पुस्तकांतला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही, त्याचं पहिलं कारण हे. दुसरं कारण पाणी. आपला पारंपरिक वाफा खोलगट असतो, कारण त्यात पाणी उभं राहायला हवं. त्याला भोवती वरंबा लागतो. थंड, ओलसर देशातला वाफा मात्र मधे उंच आणि कडेला उतरता असतो, कारण तिथे जादा पाणी निघून जायला हवं. एक वाफा पाणी धरतो, दुसरा सोडतो. दोघांचे काठ सारखे कसे असतील?

उरलं मशीन. गवत कापायच्या मशीनचं पातं त्याच्या चाकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचत नाही. काही सेंटिमीटर आतच थांबतं. काठाला उभी वीट असेल तर चाक विटेला टेकतं आणि वीट व पातं यांच्यामध्ये गवताची एक झालर उरते. ही झालर हाताने काढावी लागते. चाकाला काठावर चढून पुढे जाता आलं, तर पातं गवताच्या शेवटच्या काडीवरून फिरतं आणि झालर उरतच नाही. या पुस्तकातला सगळा शहाणपणा या दोन वाक्यांत मावतो, असं म्हणायला हरकत नाही.

आता इतिहासाकडे वळू. आपल्याकडे बागेची रेघ आखली ती पाण्याने. नेवाशात रचल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीत, माळी नेईल तिकडे निवांत जाणाऱ्या पाण्याचा दाखला येतो, तो उगाच नव्हे. पाटाचं पाणी बांधाने वळवणं हीच इथल्या माळ्याची मुख्य कला होती, आणि वाफ्याचा काठ म्हणजे त्या पाण्याची वाट. निजामशाहीने अहमदनगरात बागा केल्या तेव्हाही पाणीच केंद्रस्थानी होतं. १५८३ साली पूर्ण झालेला फराहबाग तलावाच्या मध्यभागी उभा होता. औरंगाबादच्या बीबी-का-मकबऱ्याची सतराव्या शतकातली चारबाग पाहिली की दगडी काठाचा उपयोग लक्षात येतो: कालवा, पायवाट आणि वाफा प्रत्येकी आपापल्या पातळीवर ठेवायचा. या बागांत आजच्या अर्थाने हिरवळ नव्हती. वाफे होते, फळझाडं होती, सावली होती. पण पातळ्यांचा हिशेब अचूक होता, आणि तो आज पुन्हा शिकण्यासारखा आहे.

कातरलेली सपाट हिरवळ ही युरोपची, त्यातही इंग्लंडची आवड. तिथला पाऊस आणि गारवा गवताला मानवतो. तरी सुरुवातीला ती श्रीमंतांनाच परवडे, कारण लांब दांड्याच्या कोयत्याने गवत कापायला कुशल माणसं ताफ्याने ठेवावी लागत. १८३० साली एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने गवत कापायच्या मशीनचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरचे तंतू समान कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली होती. या मशीनने साध्या घरापुढेही हिरवळ आणली, आणि तिच्यासोबत काठाचा प्रश्नही आणला. कोयत्याला काठ कसाही चालत होता. मशीनला तो सरळ, मोकळा आणि सपाट लागू लागला.

योगायोग असा, की त्याच १८३० साली पश्चिम भारताची कृषी-उद्यानविद्या संस्था स्थापन झाली. पुण्याची एम्प्रेस गार्डन आजही ही संस्था सांभाळते आणि दर जानेवारीत तिथे पुष्पप्रदर्शन भरवते. मुंबईची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी उघडली, मलबार हिलवर पाण्याच्या टाक्यांच्या माथ्यावर हँगिंग गार्डन १८८१ साली झालं. या आणि अशा बागांतून हिरवळ, फुलांचे आखीव वाफे आणि कातरलेली कुंपणं महाराष्ट्राच्या नजरेत रुजली. मशीन मात्र तितक्या प्रमाणात आलं नाही. हाताने काम करणारी माणसं स्वस्तात मिळत होती. सार्वजनिक बागांत ओळीने बसून विळ्या-खुरप्याने हिरवळ साफ करणाऱ्या बायका हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. काठ कसाही असला तरी चालून गेला, कारण त्याचा त्रास हिशेबात कधी धरलाच गेला नाही.

आज काठाच्या मुख्य परंपरा पाच दिसतात.

पहिली कापीव कड. हिरवळीच्या बाजूने माती उभी कापायची, वाफ्याच्या बाजूने तिला उतार द्यायचा. मधला चर ४ बोटं खोल. इंग्लंडात अर्धगोल पात्याच्या फावड्याने ही कड वर्षातून एकदा-दोनदा नव्याने कापतात. खर्च शून्य, देखणेपण भरपूर. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या तांबड्या, मुरमाड जमिनीत ती बऱ्यापैकी टिकते. काळ्या मातीत ती दर पावसाळ्यानंतर पुन्हा करावी लागते.

दुसरी उभी वीट. ही आपल्या सरकारी विश्रामगृहांची, शाळांची, कारखान्यांच्या आवारांची परंपरा. विटा तिरक्या रोवून करवतीच्या दातांसारखी ओळ करायची आणि २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या आधी तिला गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे. ती स्वस्त आहे, दुरून टापटीप दिसते, आणि पाटपाण्याच्या दिवसांत तिने वाफ्यातलं पाणीही अडवलं. पण जवळ जाऊन पाहावं. प्रत्येक दोन विटांच्या मधल्या खाचेत हरळीचा एकेक झुबका असतो. मशीन तिथे जात नाही, विळ्याचं टोक विटेवर आदळतं, म्हणून माळी डाव्या हाताच्या बोटांनी झुबका ओढून धरतो आणि उजव्या हाताने खुरप्याची कड खाली घालतो. मग पुढची खाच. शंभर फूट काठात अशा शेकडो खाचा भरतात. रंगवलेली ही ओळ पाहुण्यांसाठी छान आहे. तिच्याजवळ बसणाऱ्यासाठी ती शिक्षा आहे.

तिसरी झाडांचा काठ. अल्टरनँथेरा, ड्युरंटा, रेन लिली, क्लोरोफायटम यांची ओळ हिरवळ आणि वाफा यांच्यामध्ये लावतात. रंगांसाठी ती उत्तम. पण अल्टरनँथेरा आणि ड्युरंटा यांना वरचेवर कात्री लागते, आणि गवती चहासारखं झुकणारं झाड हिरवळीवर ओणवं होऊन खालचं गवत पिवळं पाडतं. शिवाय अशा ओळीत शिरलेली हरळी काढणं सगळ्यात अवघड. झाडांचा काठ करायचाच तर गवत आणि झाड यांच्यामध्ये आणखी एक पक्की रेघ लागते.

चौथी पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पट्टी. ती नाजूक वळणं घेते, डोळ्यांना जाणवत नाही, काशांना अडवते. चांगली खोल बसवली नाही तर काळी माती फुगताना ती वर उचलली जाते, आणि वर आलेली धार पायाला आणि पात्याला दोघांनाही घातक.

पाचवी सपाट पट्टी. फरशीची किंवा आडव्या विटांची वीतभर रुंद ओळ, हिरवळीच्या मातीशी समपातळीत. मशीनचं चाक तिच्यावरून चालतं. या पुस्तकाचा कौल हिच्या बाजूने आहे, आणि तो का आहे हे पुढची पानं सविस्तर सांगतील. जपानी बागांतही गवत, दगड आणि वाट यांची गाठ फार विचारपूर्वक घातलेली असते. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या प्रेरणेने झालेलं पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान या नजरेने एकदा हिंडून पाहावं.

सपाट पट्टी काळ्या मातीत कशी बसते, ते इथे थोडं जवळून सांगतो, म्हणजे पुस्तकाची रीत कळेल. सरळ काठाला खुंट्या ठोकून सुतळी ताणावी. वळण हवं असेल तर रबरी नळी उन्हात मऊ करून जमिनीवर टाकावी आणि बंद मशीन तिच्या कडेने ढकलून पाहावं. मशीन जिथे अडेल, मागे घ्यावं लागेल, तिथलं वळण सैल करावं. मन भरल्यावर फक्कीने रेघ मारावी. रेघेवर वीतभर खोल चर खणावा आणि त्यातल्या हरळीच्या काशा हाताने वेचून काढाव्यात. तळाला ४ बोटं मुरूम टाकून, पाणी मारून, धुम्मसाने चोपावा. त्यावर दोन बोटं वाळू. वाळूवर शहाबादी फरशीच्या पट्ट्या मांडाव्यात आणि सांधे सिमेंटने न भरता वाळूनेच भरावेत. माती फुगली की प्रत्येक फरशी आपापली हलते आणि पुन्हा बसते. एखादी वर आलीच तर उचलून, वाळू सारखी करून परत ठेवता येते. अखंड काँक्रीटला हे जमत नाही. फरशीचा माथा मातीशी सपाट किंवा फार तर १ सेंटिमीटर वर असावा, कारण दरवर्षी शेणखत आणि पोयटा पसरल्याने हिरवळ हळूहळू उंचावते. वाफ्याची माती मात्र फरशीपेक्षा दोन-तीन बोटं खाली ठेवावी, म्हणजे पावसात ती फरशीवर वाहून येत नाही.

हे सगळं आत्ताच का सांगायचं, असं कुणी विचारेल. पहिलं कारण माणसांचं. बागेत रोज बसून काम करणारी माणसं मिळेनाशी झाली आहेत. मुलं पुण्याला किंवा परदेशी, बंगल्यात सत्तरीचे आई-वडील, आणि रविवारी तासाभरासाठी येणारा माळी, अशी कितीतरी घरं आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उभ्याने करता येईल, अशीच बाग त्याच्या वयाबरोबर टिकते. दुसरं, मशीन आता आवाक्यात आलं आहे आणि त्यासोबत नायलॉनच्या दोरीचा ब्रश कटरही. काठाची झालर काढायला तो सर्रास वापरला जातो. त्याची दोरी लागून झाडांच्या बुंध्यांची साल सोलली जाते, खडे उडतात, डोळ्यांना इजा होऊ शकते. काठ नीट असेल तर त्याची गरजच बरीच कमी होते.

तिसरं आणि सर्वांत मोठं कारण पाण्याचं. १९७२चा दुष्काळ या भागाने भोगला आहे, आणि २०१२-१३ किंवा २०१८-१९ची टंचाई तर कालची गोष्ट आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. ऐन उन्हाळ्यात हिरवळीला रोज ५-६ मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर २०० चौरस मीटर हिरवळ रोज हजार-बाराशे लिटर पिते. १० हजार लिटरचा टँकर आठ-दहा दिवसांत संपला. काठ आखणं म्हणजे हा आकडा ठरवणं. हिरवळ किती ठेवायची याचा निर्णय सुतळी ताणतानाच होतो, गवत लावल्यावर होत नाही.

आकाराचा हिशेबही तिथेच होतो. १०० चौरस मीटरची चौरस हिरवळ घेतली, तर तिचा काठ ४० मीटर. तेवढंच क्षेत्र २५ बाय ४ मीटरच्या पट्ट्यात असेल तर काठ ५८ मीटर. त्याच हिरवळीचे चार सुटे चौकोन केले तर ८० मीटर, म्हणजे दुप्पट. गोल केली तर साधारण साडेपस्तीस. गवत तेवढंच, पाणीही जवळपास तेवढंच, पण काठाचं काम दुप्पट होऊ शकतं. वाफ्यांची नागमोडी कड, मधेच ठेवलेली कारंज्याची टाकी, एकेकट्या झाडाभोवतीचं आळं हे प्रत्येक सौंदर्य काठाची लांबी वाढवतं. ते हवं असेल तर खुशाल ठेवावं. त्याचं मोल माहीत असावं, इतकंच.

ठिबक सिंचनाने आपल्याला एक मोठी मोकळीक दिली आहे. वाफ्यात पाणी उभं करायची गरज उरली नाही, म्हणजे भोवतीच्या वरंब्याची आणि उभ्या विटेचीही गरज उरली नाही. वाफ्याला ठिबक आणि हिरवळीला तुषार अशी वाटणी झाली, की मधला काठ खाली आणता येतो, मातीशी सपाट करता येतो. महाराष्ट्राने शेतात ठिबक मनापासून स्वीकारलं. अंगणातली बाग मात्र अजून पाटपाण्याच्या दिवसांच्या आकारात अडकली आहे. हा मेळ घालणं हे या पुस्तकाचं एक मुख्य काम आहे.

मराठीत बागेवर लिहिलं गेलं ते बहुतांशी झाडांवर: गुलाब, शेवंती, गच्चीवरचा भाजीपाला. बागेच्या रचनेवर कमी आणि रचना झाल्यानंतरच्या श्रमांवर त्याहून कमी. ती उणीव थोडी भरून काढावी, हा इथला प्रयत्न. तो करताना जमीन पाहून सल्ला दिला आहे. काळी, तांबडी आणि मुरमाड यांना एकाच मापाने मोजलेलं नाही. जे साहित्य तालुक्याच्या बाजारात मिळतं, त्यातच काम भागवलं आहे. कुठल्या कंपनीचं मशीन घ्यावं, हे सांगितलेलं नाही. क्रीडांगणं आणि गोल्फची मैदानं इथे नाहीत, कारण त्यांचा व्याप वेगळा. जुना काठ न मोडता सुधारायचा कसा, याला बरीच जागा दिली आहे. बहुतेकांच्या दारात विटांची ओळ आधीच आहे आणि ती उखडून नवं करायला प्रत्येकाकडे पैसा नसतो. तिरक्या विटांच्या आतल्या बाजूने, हिरवळीकडे, फरशीची एक ओळ टाकली तरी निम्मं दुखणं संपतं.

हे पुस्तक घरमालकासाठी आहे, तितकंच माळी आणि गवंड्यासाठी आहे. कृषी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनीही ते वाचावं. उद्या संस्थांच्या आणि नगरपालिकांच्या बागा त्यांच्या हातून आखल्या जाणार आहेत. त्यांना एक विनंती. नकाशावर रेघ मारण्याआधी, ती रेघ दर आठवड्याला कोण सांभाळणार आहे ते विचारा, आणि शक्य असेल तर त्या माणसाला सोबत घेऊन सुतळी ताणा. वळण कुठे अडतं, पाणी कुठे साचतं, चाक कुठे घसरतं हे त्याला ठाऊक असतं. त्याचं ऐकून आखलेली बाग मालक बदलला, माळी बदलला, दोन वर्षं पाऊस हुकला, तरी हाताळण्याजोगी राहते. ज्यांना शेवटी हिरवळच नको असं वाटेल, त्यांनी तसं करावं. नळी जमिनीवर टाकून, पाण्याचा आणि कामाचा हिशेब मांडून घेतलेला तो निर्णयही या पुस्तकाच्या दृष्टीने चांगल्या बागेचाच निर्णय आहे.